सौभद्र परत उभं करताना – कामाच्या नोंदी

१६ जून २०२४

आजपासून लिहून ठेवायला घेतोय, कारण कोण काय करणार हे सगळं तोंडी ठरतं आणि भात लावणी सुरू झाली की ज्याचं त्याच्या लक्षातून जातं. काम एकच आहे, आपल्या भागातल्या हौशी मंडळीचं 'संगीत सौभद्र', म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचं अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं नाटक, परत रंगमंचावर आणायचं. नटांना इथे त्यांच्या भूमिकेच्या नावानेच लिहितोय. २०२० च्या मार्चात लॉकडाऊन लागला, पुढचे ठरलेले प्रयोग गेले ते गेलेच. मधल्या काळात ऑर्गनवाले बुवा वारले, तबलजी मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेले, सुभद्रा लग्न होऊन कणकवलीला गेली. बाकीचे आहेत. देवगड, जामसंडे, पडेल, वाडा आणि पलीकडे राजापूर तालुक्यातली दोन-तीन गावं, इथलेच सगळे, कोणी बागायतदार, कोणी निवृत्त मास्तर, नारद एसटीत कंडक्टर. कपड्यांच्या ट्रंका आणि पडदे कृष्णाच्या घरी माळ्यावर, ऑर्गन पडवीत गोणपाटाखाली.

आम्ही जे जमलोय ते सगळे प्रेक्षक. आमच्यातल्या कोणालाच स्टेजवर जायचं नाहीये, आम्हाला ते नाटक परत बघायचंय, पुढच्या रांगेत सतरंजीवर बसून, एवढंच.

३० जून

पहिली बैठक. लाइट नाही, पाऊस तुफान, तरी पडवी भरली. सुरुवातीलाच विषय निघाला वर्गणीचा, मुंबईकरांकडून पैसे जमवू, एक दणक्यात प्रयोग लावू वगैरे. मी माझं म्हणणं मांडलं ते इथे लिहितो कारण पुढचं सगळं त्याच्यावरच चाललंय. पैसे एका प्रयोगाला पुरतात. प्रयोग होतो, सत्कार होतात, नारळ-शाली होतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी ट्रंका परत माळ्यावर. आता आपल्याकडचा दशावतार बघा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की कंपन्यांना रात्री कमी पडतात. कारण जत्रेची तिथी ठरलेली, आणि कितीतरी देवळांत कुठली कंपनी येणार हेसुद्धा पिढ्यान्पिढ्या ठरलेलं. आधी तारीख आहे म्हणून कंपनी टिकते, कंपनी टिकते म्हणून पोरं त्यात शिरतात, आज संकासुराच्या मागे झांज वाजवणारा पोरगा उद्या राजपार्ट करतो. आपल्या संगीत नाटकाला तारीखच उरली नाही. पूर्वी रामनवमीचं नाटक, त्रिपुरीचं नाटक, माघी गणपतीचं नाटक असं असायचं, त्या जागी हळूहळू ऑर्केस्ट्रा आला, नाहीतर कुठूनतरी आयता प्रयोग आला.

म्हणून आपण पैसे मागायचे नाहीत, तारखा मागायच्या. उत्सव समित्यांकडे जाऊन सांगायचं, दरवर्षी ह्या तिथीला सौभद्र, मानधन आधीच ठरवून, आणि अंगण भरायची जबाबदारी आमची. बराच वेळ वाद झाला पण शेवटी बहुतेकांना पटलं. बळीराम करणारे आबा तेवढे म्हणाले, "माका आता तीन तास उभ्या रवाक जमाचा नाय, पण बसान गदा धरूक सांगलास तर येतंय." आबा येणार हे नक्की झालं, आज तेवढं पुष्कळ.

१४ जुलै

ऑर्गन उघडला. जुना परदेशी, बुवांनी कधीकाळी मुंबईहून ट्रकने आणलेला. वास असा आला की दोघं बाहेरच जाऊन उभे राहिले. आत उंदरांनी नमदा (जाड लोकरी कापड) कुरतडलेला, भात्याचं कापड घडीवर चिरलेलं, पितळी सुऱ्यांवर, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पात्यांवर, हिरवट थर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा काय असतो ते वेगळं सांगायला नको, पापड जिथे दोन दिवस टिकत नाही तिथे पाच पावसाळे उघड्या पडवीत काढलेल्या वाद्याचं काय होणार.

पण सुऱ्या तुटलेल्या नाहीयेत. बारीक हुकाने एकेक ओढून काढली, मऊ ब्रशने पुसली, नंबर लावून वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. मधल्या सप्तकात काही पट्ट्या मुक्या होत्या त्यातल्या नुसत्या सफाईनेच बऱ्याचशा बोलायला लागल्या. भाता मात्र आपल्या हातातलं काम नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, पेटीत हवा बाहेर ढकलली जाते आणि ह्या ऑर्गनमध्ये आत ओढली जाते, म्हणून कापडाला कुठे बारीक जरी भोक असलं तरी पायाखाली दम राहत नाही आणि सूर खाली बसतो. हे ऑर्गन बाहेरून येणं कधीच बंद झालंय, पण नशीब आपलं की राजापूर तालुक्यातच आडिवऱ्याला आता नवे ऑर्गन बनतात, इथे कोकणातच! तिथे विचारून कापड आणि नमदा कुठला लावायचा ते समजून घ्यायचं ठरलं. पावसाने उघडीप दिली की टेम्पो करायचा.

४ ऑगस्ट

संहितेवर बसलो. मी, कृष्ण (म्हणजे निवृत्त मास्तर, दिग्दर्शन तेच करतात) आणि आमच्यातल्या एक काकू ज्यांना अख्खं नाटक पाठ आहे, म्हणजे खरंच पाठ, पुरुषांची भाषणंसुद्धा.

परवानगीचा प्रश्न कोणीतरी काढला होता, तो सुटसुटीत आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, नाटक १८८२ चं, आणि आपल्या कायद्यात हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, तेव्हा मानधनाचा विषय येत नाही. प्रयोगाचे बाकीचे सरकारी कागद मात्र लागतील, नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र जुन्या फायलीत सापडलंय, ते चालतं का ते विचारायचं.

खरा प्रश्न वेळेचा आहे. मूळ नाटक पाच अंकी, पदं शंभराच्या वर. आमच्या आजोबांच्या वेळी रात्री जेवणं उरकून दहाला नांदी व्हायची आणि घटोत्कच यायचा तेव्हा अर्धी पोरं आईच्या मांडीवर झोपलेली असायची. आता उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, सवलतीचे दिवस वर्षात मोजके आणि तेसुद्धा १२ पर्यंत. म्हणजे साडेसातला तिसरी घंटा आणि दहाच्या आत पडदा, असंच बसवायला लागणार.

मग कापायचं काय? मास्तरांचं म्हणणं साक्या-दिंड्या काढू, मोठी पदं ठेवू, लोक त्यासाठीच येतात. काकूंनी ते चालू दिलं नाही आणि मीही काकूंच्या बाजूचा. साकी, दिंडी, अंजनीगीत ही सगळी लोकांच्या तोंडातली वृत्तं, कीर्तनात ऐकलेली, अण्णासाहेबांनी ती बोलण्याच्या ओघात अशी बसवलीत की माणूस बोलता बोलता कधी गायला लागला ते कळतच नाही. ती काढली तर उरतं काय, संवाद, मग थांबा, मग गाणं, मग थांबा, म्हणजे नाट्यगीतांची मैफल, कपडे घालून केलेली. त्यापेक्षा सूत्रधार-नटीची प्रस्तावना आटोपशीर करू, नारदाचं सुरुवातीचं लांबण कमी करू (नारद नाराज होणार, त्यांना मी सांगेन), मोठी पदंही बरीच कमी करू. पंचवीसेक पदं राहतील. कृष्ण-रुक्मिणीचा पहाटेचा प्रवेश आणि घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून आणतो तो प्रवेश, ह्या दोन्हीला हात लावायचा नाही. दुसरा खास पोरांसाठी.

९ सप्टेंबर

गणपती. दोन रात्री आरतीनंतर ज्या घरी भजन तिथे जाऊन बसलो, कारण एक शोध चालू होता, ऑर्गनला माणूस. आणि सापडला!

आपल्या सिंधुदुर्गात डबलबारीच्या (दोन बुवांच्या समोरासमोरच्या सामन्याच्या) भजनांनी काय काम केलंय ते बाहेरच्यांना कळणार नाही. गावागावात वीस-बावीस वर्षांची पोरं पेटी घेऊन बसतात, आवाज चढा, हात तयार, समोरच्या बुवाला उत्तर द्यायचं म्हणून तिथल्या तिथे चाल बांधतात. संगीत नाटकाला गायक-वादक मिळत नाहीत म्हणून गळा काढणाऱ्यांनी एकदा गणपतीत इकडे यावं. हा पोरगा आयटीआय झालेला, दिवसा वायरिंगची कामं करतो. त्याने नाट्यपदं नुसती मोबाइलवर ऐकलीत, पण मास्तरांनी एक दिंडी म्हटली तर दुसऱ्या ओळीला मागोमाग आला. दुसऱ्या दिवशी घरी आणून ऑर्गनवर बसवला. "काका, ह्या पायान चालवचा आणि हातान वाजवचा, दोनव एकदम?" म्हणून आधी घाबरला, पेटीला डावा हात भात्यावर अडकलेला असतो तो इथे मोकळा मिळतो हे लक्षात आल्यावर मात्र उठायलाच तयार नाही, मागून आईचे जेवायला ये म्हणून फोन.

त्याच रात्री कुसुमावती (सुभद्रेची सखी) हीसुद्धा मिळाली, अकरावीतली मुलगी, गाते बरी, बोलते फार छान.

६ ऑक्टोबर

तालमी सुरू, दर रविवारी आणि गुरुवारी रात्री. सुभद्रा कणकवलीहून येते, ड्युटी सांभाळून, तिच्या सासूबाई सोबत येतात आणि कोपऱ्यात बसून सगळी तालीम ऐकतात. परत जाताना उशीर होतो म्हणून आमच्यातल्या रिक्षावाल्याने तिची सोय स्वतःकडे घेतलीय, भाडं घेत नाही, आम्ही पेट्रोल टाकतो.

आज पट्टीचा, म्हणजे गाण्याच्या मूळ सुराचा, घोळ सुटला. अर्जुन काळी एकमध्ये गातो, सुभद्रा काळी चारमध्ये. एकामागोमाग पदं आली की तबला बदला नाहीतर हातोडी घेऊन ठोकत बसा, दमट हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) आधीच उतरलेली असते. नव्या तबलजीने (हा शाळेत संगीत शिकवतो) शांतपणे सांगितलं, काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. तबला काळी चारला लावला की सुभद्रेला तो षड्ज आणि अर्जुनाला पंचम, एकच तबला दोघांना चालतो. बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत अहमदजान थिरकवांसारखा माणूस तबल्याला बसायचा, साथीला त्या काळी केवढा मान होता! आज ह्या तबलेवाल्या मास्तरांमुळे त्याची आठवण झाली.

अर्जुनाचा गुडघा दुखतोय, पण संन्याशाच्या वेषात निम्मा वेळ बसूनच काम आहे, तेव्हा चालेल.

५ नोव्हेंबर

मराठी रंगभूमी दिन. १८४३ ला ह्याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, तोही कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. आपण नारळ फोडला आणि कामाला निघालो.

तारखांचं काम. आजवर ज्या समित्यांकडे गेलो त्यांची उत्तरं सगळी सारखी नव्हती. एका ठिकाणी सरळ नाही, पोरांना ऑर्केस्ट्रा हवाय. एका ठिकाणी बघू. एका ठिकाणी अध्यक्षांनी विचारलं की तुमच्यात नावाजलेलं कोण आहे, मी म्हटलं कोणीही नाही, सगळे तुमच्या ओळखीचे आहेत, तुमच्या गावात पेरणीला आणि बारशाला येणारे. त्यावर ते जरा थांबले आणि चहा मागवला.

माघी गणपतीची एक तारीख पक्की मिळाली. तिथल्या म्हाताऱ्या मानकऱ्यांनी अट घातली ती मला फार आवडली, "तारीख घेतलास तर रद्द करूक गावाची नाय हां. ह्या वर्षी केलास तर फुडल्या वर्षी पण करूक व्हया." आम्ही हेच तर मागायला गेलो होतो.

२४ नोव्हेंबर

आजची बैठक तापली. साउंडवाल्याने सुचवलं की एवढी कटकट कशाला, ऑर्गन-तबला चांगल्या स्टुडिओत रेकॉर्ड करून घ्या, प्रयोगात ट्रॅक सोडू, वादक न्यायला नकोत, ऑर्गन टेम्पोत घालून खड्ड्यांतून न्यायला नको. आमच्यातल्या काही जणांना पटलंसुद्धा. खर्चाच्या हिशोबात त्याचं म्हणणं बरोबर आहे हे मी मान्य करतो.

पण मग आपण काय परत आणतोय? संगीत नाटकात वादक साथ करतो म्हणजे नुसता मागे वाजवत नाही. सुभद्रेचं वाक्य संपत आलं की ऑर्गनवाला तिचा शेवटचा शब्द धरतो, हळूच सूर देतो, ती त्या सुरावर बोलणं सोडून गाणं उचलते. तिला त्या रात्री जरा जास्त वेळ लागला, डोळ्यात पाणी आलं, एक श्वास जास्त घेतला, तर तोही थांबतो. तान लांबली तर तबला तिला पुढच्या समेपर्यंत धरून नेतो. लोकांनी वन्समोअर दिला तर कुठल्या ओळीपासून परत घ्यायचं ते नुसत्या नजरेने ठरतं. ट्रॅक थांबत नाही. ट्रॅकवर गाणारा माणूस गाण्याच्या मागे धावतो, आणि सौभद्रात तर गाणं माणसाच्या मागे यायला हवं. शिवाय तो पोरगा, तो तबलेवाला मास्तर, ह्यांना वगळलं तर दहा वर्षांनी परत कोण उभं करणार? दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, पात्रं स्टेजवर बोलतात ते तिथल्या तिथे, तरी पेटी आणि मृदंग समोर जिवंत असतात म्हणून ते सगळं बांधलेलं राहतं. आपल्या शेजारच्या कलेने ते सोडलं नाही, आपण का सोडायचं.

शेवटी ट्रॅक नाही असं ठरलं. साउंडवाला चांगला माणूस, म्हणाला मग ऑर्गनला वेगळा माइक देतो आणि पुढे तीन.

२२ डिसेंबर

पडदे खाली काढले. राजवाड्याला कोपऱ्यात वाळवी, जंगल शाबूत, रस्ता पार गेलेला. रस्ता परत रंगवायला एका ड्रॉइंग मास्तरांनी घेतलाय, जुन्या पडद्याचा फोटो बघून. कपडे काकू आणि बायकांनी उन्हात घातले, मुकुटांना नवा बेगड. अर्जुनाचा शेला फाटलाय, तो सुभद्रेच्या सासूबाई शिवतायत.

२६ जानेवारी २०२५

रंगीत तालीम, देवळाच्या मांडवात. वेळ लावून केली, सव्वादोन तास झाले, वन्समोअर धरून बसतंय. ऑर्गन आडिवऱ्याचा सल्ला घेऊन दुरुस्त केल्यापासून दम धरतोय, खर्जातली एक पट्टी अजून रुसते. नारदांनी कापलेलं लांबण तालमीत हळूच परत आणलं, मास्तरांनी शिट्टी वाजवून थांबवलं.

३ फेब्रुवारी

काल प्रयोग झाला.

साडेसातला तिसरी घंटा. नांदी अर्थात शाकुंतलातलीच, कितीतरी संगीत नाटकवाले तीच म्हणतात, आणि ती सुरू झाली तेव्हा अंगणात मागच्या बाजूला उभे असलेले लोक पुढे येऊन बसले. खुर्च्या कमी पडल्या, सतरंज्या शेजारच्या शाळेतून आणल्या. मुंबईकर बरेच होते, पण मला जास्त आनंद झाला तो आसपासच्या वाड्यांतून टेम्पो भरून आलेल्या लोकांचा. ते टेम्पो आम्ही ठरवले होते, प्रेक्षक आणायची जबाबदारी घेतली होती ना.

सुभद्रेचं पहिलं पद संपलं आणि टाळ्या थांबेनात, तिने वन्समोअर घेतला, आणि दुसऱ्यांदा तिने ते पद वेगळं म्हटलं, पहिल्यापेक्षा संथ. मी मुद्दाम ऑर्गनकडे बघत होतो. पोरगा तिच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हता, पायाची लय तशीच ठेवून तिच्याबरोबर मागे मागे येत गेला, तबला लगेच त्याच्या मागे. असली गोष्ट तालमीत बसवता येत नाही. आबांनी बळीराम खुर्चीत बसून केला, द्वारकेच्या राजवाड्यात मोठ्या भावाने बसूनच बोलावं हे इतकं योग्य दिसलं की आता पुढेही तसंच ठेवायचं. घटोत्कच आला तेव्हा पुढची लहान पोरं किंचाळली आणि एक जण रडायला लागला, त्याला आजीने उचलून मागे नेला आणि दोन मिनिटांनी तो परत पुढे येऊन बसला.

रुसलेली पट्टी एकदा लागलीच नाही, पोराने वरच्या सप्तकातून निभावलं. दहाला पाच मिनिटं कमी असताना भरतवाक्य.

म्हातारे मानकरी स्टेजच्या मागे आले, सगळ्यांच्या हातात प्रसाद दिला आणि पुढच्या माघी गणपतीचा विडा तिथेच दिला.

९ मार्च

आता शिमगा, मग आंबा. अर्जुन आणि आबा दोघंही बागेत, मेअखेरपर्यंत त्यांना हाक मारण्यात अर्थ नाही, पण रामनवमीला मागणी आलीय. त्यासाठी दुसरा अर्जुन तयार करायचा असं मास्तरांनी सुचवलं, कुडाळकडचा एक भजनी बुवा आहे, आवाज मोठा आहे, भाषणं पाठ होतील का बघायचं. मला हे पटतं, एका माणसावर अडून राहणारी मंडळी टिकत नाही. पण सहा एप्रिलच्या रामनवमीपर्यंत घाईने उभा करू नये असंही वाटतं, त्यामुळे यंदा रामनवमीला नाही म्हणून सांगितलं आणि पुढच्या वर्षीची तारीख मागून घेतली. आधी नाही म्हणालेल्या गावाने परवा निरोप पाठवलाय, त्रिपुरीला येणार का. त्यांना हो कळवलं.

म्हणजे पुढच्या हंगामाला त्रिपुरी, माघी गणपती आणि रामनवमी अशा तीन तारखा वहीत आहेत. पावसाळ्याआधी ऑर्गन पडवीतून आतल्या खोलीत हलवायचा, खाली चार विटा, वरून प्लास्टिक नको, सुती चादर, आणि पोराने आठवड्यातून एकदा तरी येऊन वाजवायचा, बंद ठेवलेलं वाद्य लवकर खराब होतं. खर्जाची ती सुरी काढून आडिवऱ्याला दाखवायची. कुसुमावतीची बारावी आहे, तिच्या तालमी डिसेंबरनंतर कमी ठेवायच्या, तिच्या बाबांना तसा शब्द दिलाय. नवीन अर्जुनाची पहिली बैठक गुरुवारी रात्री नऊला कृष्णाच्या घरी, सुभद्रेला सुट्टी मिळाली तर तीही येतेय.